ळ चं टाचण

रात्री साडेनऊला टाचणवही उघडते.
घटक: ळ.
विद्यार्थी: बसवंत कुगजी, इयत्ता पहिली,
गाव येळ्ळूर, जे त्याला अजून म्हणता येत नाही.
येय्यूर, म्हणतो तो, आणि चपलेकडं बघतो.

उद्दिष्ट मोजता येईल असं हवं:
दहापैकी सहा वेळा.
लिहिते, खोडते,
साहेब बघतील म्हणून परत लिहिते.

साहित्य: हाताएवढा आरसा, ओलं फडकं,
गुळाचा खडा, संकेश्वरचा, काळपट, चिकट.
दुकानातला पिवळा चालत नाही, लगेच विरघळतो.
टाळूला, दातांच्या बराच मागं,
बोटानं गूळ लावायचा
आणि म्हणायचं, जिभेनं काढ बघू.
जीभ वळते. वळली की अर्धं काम झालं.
उरलेलं अर्धं कसं होतं
ते बारा वर्षांत मला नीट कळलेलं नाही.

चित्रकार्डं पुण्याहून आलेली:
बाळ, बगळा, कमळ.
बगळा ठीक, भाताच्या खाचरात रोज उभा असतो.
कमळ इथं कुणी बघितलेलं नाही.
ते काढून तांदूळ ठेवते, खरे, मूठभर,
त्याच्याच वडिलांनी पिकवलेले.

शेजारी अल्मास मुजावर बसेल.
तिच्या घरच्या बोलीत ळ नाहीच,
तरी ती असा ठणकावून म्हणते
की फळा हलावा.
कुठनं आणलास गं, विचारलं तर
"हितंच गावला, बाई."

समासात: आईशी दोन मिनिटं.
ती बैलहोंगलची. गेल्या शनिवारी दारातच थांबली,
"दोन दोन भाषा झाल्या म्हणून अडकूलंय म्हणतात सगळे.
मी कन्नड सोडू काय बाई?"
तेवढ्यात घंटा झाली, मी नुसती मान हलवली.
कशी हलवली, हो म्हणून की नको म्हणून,
आणि तिनं काय समजून घेतलं,
ही धास्ती आठवडाभर वहीत बसून आहे.
उद्या तोंडानं सांगायचं: काही सोडू नका.
बाळेहण्णू म्हणा, केळं म्हणा,
जीभ जाऊन टेकते तिथंच.

येता-जाता बसमधनं पाट्या दिसतात,
बेळगाव, बेळगावी,
कधी यावर डांबर, कधी त्यावर.
भांडण शेपटाचं.
मधल्या ळ ला कुणी हात लावलेला नाही.
हे लिहायला टाचणात रकाना नाही.

कृती: तळ्यात-मळ्यात.
पटांगणात काठीनं एक रेघ.
चुकला तो बाद, असं लिहून
बाद वर काट मारते.
दिवा मालवते.

*

गूळ त्यानं बोटानं काढून खाल्ला.
आरशातल्या जिभेला वेडावून दाखवलं.
तांदूळ अल्मासनं मोजले, एकशे चाळीस,
मग कोंबड्यांनी.

मग रेघ. समोर राजहंसगड, ऊन.
तळ्यात! सगळे तिकडं.
मळ्यात! सगळे इकडं,
बसवंत तेवढा मध्येच थबकला,
एक पाय तळ्यात, एक मळ्यात.
आऊट, आऊट, पोरं ओरडली.
त्याचं लक्षच नव्हतं.
हात पुढं पसरून तो वर बघत होता.
"मळे?"

त्याच्या आईकडं पावसाला मळे म्हणतात.

ळ होता.
साफ नव्हता, कडेला य चिकटलेला,
पण होता.

मी पण वर बघितलं. पोरांनी पण.
डिसेंबरचं आभाळ, कोरडं ठणठणीत,
एक घार.

निष्पत्ती: दहापैकी एक.
शेरा: पाऊस नव्हता.