शेपटीखालची शाळा

तेविसाव्या दिवशी, पंचफुला निकुरेच्या शेडात
एकोणीस पिल्लं मान पिळून पडली होती.
ती वही घेऊन दारात उभी.
"लस तं टाकली होती ना वो ताई, डोयात,
एक एक थेंब. तुमीच तं टाकली."
मीच टाकली होती.
थर्मासात बर्फ होता. बाटलीवर तारीख होती.
वहीत माझी सही आहे.

डॉक्टर कोवेंनी चिंचेखाली पोत्यावर
एक पिल्लू उताणं केलं, कात्री चालवली,
शेपटीखालून इवलीशी पिशवी काढून तळहातावर ठेवली.
"रानबोरायेवढी पाहिजे ही," म्हणाले.
चारोळीचा दाणा होता.

तिथं रक्तातल्या पोरांची शाळा भरते.
आपलं कोण, परकं कोण,
एवढा एकच विषय.
कोंबडी अंड्यावर आली की शाळा आपोआप सुटते,
तोवर पोरं अंगभर कामाला लागलेली असतात.
ही मधेच बंद पडली.

आदेश आतूनच आला.
मूत्रपिंडाच्या माथ्यावर दोन बारक्या गाठी,
पिल्लू भ्यालं, तापलं, की तिथून रस सुटतो
पळ, आधी जीव वाचव,
शिकणंबिकणं मागून.
एखाद्या दिवशी सुटला तर वाचवतो.
रोज सुटला
तर मास्तरच उचलून नेतो.

मी मागचे दिवस आठवले.
पत्र्याखाली सेहेचाळीस,
ओली पोती बारा वाजेस्तोवर लाकडागत.
बाजूच्या मांडवात तीन रात्री डीजे,
पिल्लं एका कोपऱ्यात, एकमेकांच्या पाठीवर.
आणि शंभरचा बल्ब, रात्रंदिवस,
जास्त खातील म्हणून.

माझा थेंब पोचला असेल.
फळा पुसलेला, खडू जागेवर,
हजेरी घ्यायला कोणी नाही.
आमच्या टोलीवरची शाळाही अशीच गेली, पट कमी म्हणून.
तिथं आता धानाची पोती.
चाबी अजून माझ्या घरी, खुंटीला.

"मंग आता कोनती दवा?" पंचफुला विचारते.
डॉक्टर हात धुताहेत. साबण संपत आलाय.
मी स्टुलावर चढते,
पदराच्या घडीत धरून बल्ब पिळून काढते.
पदराला करपल्याचा वास.
अंधारात उरलेली पिल्लं कुरकुरतात, धडपडतात,
मग एक बसतं. मग त्याच्याजवळ दुसरं.

किती वाचतील, मला सांगता येत नाही.
पंचफुला वही मिटत नाही,
बोट एकोणीसवर ठेवून
उजेडाकडं सरकते.