मुरलेला भार

माथा सपाट हवा, म्हणायचे नामगुंगसाहेब,
डोंगर नको, पठार.
चढ अर्ध्या मायक्रोसेकंदात, मग दोन मायक्रोसेकंद
चार लाख व्होल्ट, जराही न डुगडुगता.
उतारावर काय व्हायचं ते होऊ दे,
उतारावर इलेक्ट्रॉन नसतात.

मी तेव्हा नवी. पोहांगच्या त्या लांबच लांब दालनात
मॉड्युलेटरची कपाटं ओळीनं उभी,
खाडीपलीकडे पोलाद कारखान्याची धग.
वेटोळी हातानं वळायचो आम्ही.
एखादा वेढा चुकला, की पल्सच्या माथ्यावर टेंगूळ
नाहीतर खळगा.
साहेब स्क्रीनला नाक लावून बघत
आणि म्हणत, तांब्याची कांडी नखभर आत घे.
नखभर म्हणजे किती, विचारलं
तर नख दाखवत.

आणि दर नखाला तोच विधी:
वीज तोडायची, किल्ली खिशात,
भुईला जोडलेला दांडा कपॅसिटरवर टेकवायचा.
ठॉक्.
मग काहीच करायचं नाही.
भाजल्या जवाचा चहा प्यायचा, निवांत.
मग पुन्हा दांडा. आणि पुन्हा, बारीकसं,
ठिक्.
हे कुठून आलं? माझा आवाज चिरका.
मुरलेलं होतं, म्हणाले, तेलात भिजल्या कागदात.
वरवरचं काय, लगेच निघतं.

एकदा जेवताना कागदी रुमालावर मी हिशेब मांडला:
सेकंदाला दहा पल्स, वर्षाला पाच हजार तास.
सगळे माथे शेजारी शेजारी ठेवले
तर वर्षाची भरतात सहा मिनिटं,
तीस वर्षांच्या नोकरीचे तीन तास.
वाटलं, हसतील, किंवा गप्प होतील.
त्यांनी गुणाकार तपासला.
बिघाडाचे दिवस वजा करायचे राहिले, म्हणाले.

आता थायरट्रॉन गेले, त्यांचा तो जांभळट उजेडही.
सिलिकॉनच्या चकत्या आल्या.
माथा घसरतोय, मात्र, अजून.

म्हणून डिसेंबरात गुर्योंगपोला गेले, लॅपटॉप काखेत.
किनाऱ्यावर मांडवच्या मांडव मासळीचे,
रात्री गोठणारी, दुपारी सैलावणारी,
शेपटीशी तेलाचा थेंब.
साहेब बायकोच्या गाळ्यात, रबरी हातमोज्यांत.
आलेखाकडे पाहिलंच नाही त्यांनी.
तुमचं ते नवं मला काय कळतंय.
आणि त्या ओळीला हात लावू नकोस,
दोन रात्री मुरायचीय अजून.

बाई मला पिशवी बांधून देताना कुजबुजल्या:
घरात फ्रिज उघडायचा तरी
आधी हाताची पाठ लावून बघतात. दोनदा.
आणि आमचं वाजलं, की रात्री खोलीच्या दाराला.
एकदा लावतात, मला ऐकू येतं,
मग बराच वेळ बाहेर उभे.
मग पुन्हा.
मग येतात.

नव्या कपाटात दांडा आपोआप पडतो.
पडला. दिवा हिरवा झाला.
आलेख तसाच, नखभर कलता.
बसमध्ये पिशवी गळली होती, बाहीला मासळीचा वास.
दाराच्या मुठीला हात घालण्याआधी
मी चहा ओतून घेतला.