जर्मनचं पातेलं

आमच्या घरात जर्मन आधीपासून होता.
दूध तापवायचं पातेलं, बुडाला पोचे आलेलं.
आई म्हणायची, जर्मनचं आहे, ताक ठेवू नकोस त्यात.
नऊ वर्षांच्या मला तेवढाच जर्मन ठाऊक.

मग वडलांना कचेरीतून हुकूम आला:
युद्धफंडाच्या प्रदर्शनाला एक जर्मन काढा.
सहा फूट बाय दहा, पंधरा दिवसांत.
सोबत शिरस्त्राणाचं कात्रण. चेहरा नाही.

ईश्वरा पेंटरनं जर्मन कधी बघितला नव्हता.
अख्ख्या गंगावेशीत कुणी बघितला नव्हता.
आठवडाभर पत्रा नुसता पांढरा.
मग सुळे घेतले नाटक कंपनीच्या जुन्या पडद्यावरच्या रावणाचे,
डोळे तालमीतल्या घाऱ्या मांजराचे,
आणि हनुवटी काही केल्या जमेना, तेव्हा
आरशात बघून स्वतःची.
मी रंग खलत होतो. मला दिसलं.
बोललो नाही.

शेजारच्या पत्र्यावर दोस्तांचे चार शिपाई:
हसरे, गालांना एकाच वाटीतला गुलाबी.

भवानी मंडपात पत्रे उभे राहिले.
बायका लेकरांचे डोळे झाकून पुढं सरकायच्या.
पोरं शेण मारायची, नाकावर बसलं तर मूठभर फुटाणे.
माझा नेम चांगला होता.

त्याच साली वळिवड्याच्या बराकींत पोलंडची माणसं आली.
त्यांतली यानिना, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी,
महाद्वार रोडला सुईदोरा घ्यायला आली.
केस मक्याच्या कणसाचे, आणि डोळे घारे.
ते डोळे आम्ही ओळखत होतो.
जर्मन आली रे, कुणीतरी ओरडलं.
पहिला दगड माझा.

वडलांनीच तिला उचलून दुकानात आणलं.
भुवईवर फडकं, फडक्याला टर्पेंटाइनचा वास.
आईनं दूध तापवून दिलं,
आणि त्या दिवशी भांड्याचं नाव घेतलं नाही.
यानिना मोडक्या हिंदीत, बरंचसं बोटांनी, सांगू लागली:
रात्री आम्हाला घरातून काढलं, ते जर्मन नव्हते.
मालगाडी. बर्फ. धाकटा भाऊ तिथंच राहिला.
मग भिंतीवरच्या कच्च्या चित्राकडं वळली,
आणि चार हसऱ्या शिपायांतल्या तिसऱ्यावर
बोट ठेवलं.
वडलांनी गुलाबी रंगाची वाटी झाकली.

लढाई संपली. महिपती हुजरे कैदेतून परतला,
खासबागेत घुमलेला गडी, निम्मा होऊन.
पारावर लोक विचारायचे, सुळे होते काय रे?
तो म्हणायचा, एकाची दाढ दुखायची.
पहाऱ्यावर रातभर कण्हायचा,
माझ्या पार्सलातली लवंग मागून न्यायचा.
दुसऱ्यानं आमच्यातल्या आजारी पोराला गोळी घातली
आणि भिंतीला टेकून डबा खाल्ला.
दाढी दोघंही रोज करायचे.
मग? लोक म्हणायचे. मग काही नाही, तो म्हणायचा.
लोक धोतर झटकून उठायचे.

पुढं छापून आलेले फोटो पोचले.
चपलांचे ढीग. चष्म्यांचे.
वडील भिंग लावून पुष्कळ वेळ बघत बसले.
हे मला काढता आलं नसतं, म्हणाले.
नुसत्या सुळ्यांवर चार दिवस घालवले मी, लेका.
आणि हनुवटीवरून हात फिरवला,
दाढी वाढलीय का बघावी तसा.

यानिना सत्तेचाळीसला गेली.
भुवईवरची खूण तिच्याबरोबर गेली,
माझ्या हातातून मात्र तो दगड
अजून पुरता सुटलेला नाही.

पत्रा चुलत्यानं गुऱ्हाळाच्या छपराला घातला,
रंगाची बाजू खाली.
चुलवाणाच्या धुरानं सुळे केव्हाच काळे पडले,
शिरस्त्राण गंजलं, डोळे उडाले.
काहिलीला उकळी फुटली की वाफेतून
एवढी हनुवटी दिसते.
नवी पोरं वर बघून विचारतात, कोण ओ हे?
म्हातारा गुळव्या साय काढता काढता सांगतो,
कोण म्हणजे, आपला ईश्वरा पेंटर.