काळ्यावर पीठ

दोन हजार नऊचा मे. ग्वाल्हेर. पारा सेहेचाळीस.
आणि आम्ही चौघं काळ्या, पूर्ण बाह्यांत.
डाव्या डोळ्यावर केस, घामानं कपाळाला डकलेले.
उजव्या डोळ्यात आईचं काजळ,
जे फालका बाजारापर्यंत टिकायचं
आणि पुढे गालावर.

"कोण गेलं?" बिडवईकाकांनी जिन्यात विचारलं.
कुणीच गेलं नव्हतं.
हीच तर पंचाईत होती:
सुतक चालू, आणि मयताचा पत्ता नाही.

सराव वरद टेंबेच्या मामाच्या गिरणीत,
दाल बाजारात, रात्री नवानंतर.
जातं अजून कोमट असायचं.
माझे ड्रम म्हणजे एक खरा आणि तीन पत्र्याचे डबे.
त्यातला भरलेला घुमायचा सगळ्यात खोल,
त्यावर खडूनं लिहिलेलं: आपटे, हरभरा डाळ, जाडसर.
प्रत्येक ठोक्याला भिंतींवरून पीठ उडायचं
आणि सावकाश आमच्यावर बसायचं,
भुवयांवर, बाह्यांवर, छातीवरच्या कवटीवर.
जगातलं सगळ्यात काळं संगीत वाजवून
चार म्हातारे घरी परतायचे.

गाणी सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर आणलेली.
शब्द कळायचे नाहीत.
वरद नुसता नाद पाठ करायचा,
रामरक्षा केली होती तशीच.
अर्थ नंतर येतो, असं तेव्हाही सांगितलं होतं.

या गावात गायचं तर आधी सा लावावा लागतो.
वरदनं चार वर्षं लावला.
मग गुरुजी म्हणाले, आवाज फुटलाय, थांब जरा.
तो थांबला नाही.
फुटलेलाच आवाज घेऊन गिरणीत आला.

माझी आई रात्री उशाशी यायची.
मी झोपेचं सोंग घ्यायचे.
पेपरात काहीतरी वाचलं होतं तिनं.
मनगटावरचा काळा पट्टा काढायची,
मोबाइलच्या उजेडात बघायची.
खाली फक्त पट्ट्याचा वळ आणि घामोळं.
मग पट्टा परत बांधायची,
बटण बरोबर त्याच भोकात,
म्हणजे मला कळू नये.
सकाळी मी तिच्याशी भांडायचे. मीठ कमी आहे म्हणून.

त्या रात्री वीज गेली.
गिटार मेली, माइक मेला,
अंधारात फक्त पिठाचा वास.
आणि वरद, अर्ध्या ओळीत अडकलेला,
पाठ केलेलं इंग्रजी विसरून, मराठीत ओरडला:
मी जेवणार नाही!
आम्ही हसलो.
तो परत ओरडला. मी जेवणार नाही,
बाबांनी विचारलं तरी नाही,
बाबांनी नाहीच विचारलं तरी नाही—
मग कुणी हसलं नाही.
मी हातानं पत्रा वाजवत राहिले,
काठ्या कुठे पडल्या ते दिसत नव्हतं.

वीज आली ती भलत्याच वेळी.
गिरणीचं बटण कुणाच्या तरी कोपरानं दाबलं गेलेलं,
आणि जातं फिरू लागलं, रिकामं.
रिकामं जातं कधी ऐकलंय?
दगडावर दगड, मध्ये काही नाही.
वरदपेक्षा वरच्या पट्टीत.
आम्ही चौघं कान झाकून उभे,
इतके दिवस जे शोधत होतो ते हेच का,
असं एकमेकांकडे बघत.

मामा बनियनवर धावत आले जिन्यावरून:
"अरे, काहीतरी घाला त्यात! दगड खातोय दगडाला!"
हाताशी होता तो माझा डबा.
वरदनं उचलला आणि केला पालथा.
किंकाळी हळूहळू घरघर झाली,
मग नेहमीची गिरणी.
खालून पिवळं बेसन पडू लागलं, गरम.

मामा काही बोलले नाहीत.
वरच्या मजल्यावरून चार ताटं मागवली.
वरद जेवला. सगळ्यांत जास्त तोच जेवला.

दुसऱ्या दिवशी आपट्यांची तक्रार आली:
जाडसर सांगितलं होतं, बारीक झालंय,
शिवाय बेसनात एक लांब,
काळाभोर, इस्त्री केलेला केस.