साडेपाच पौंड

गुडघा गेला त्या हिवाळ्यात
सेफेरिनोमामाने बंदुकीचा दस्ता तासायला घेतला.
चुलीपाशी बसून, रोज थोडा.
"डोंगर काही हलका होत नाही," म्हणायचा,
"मग दुसरं काय होतं ते बघावं."
चामडी पट्टा काढून सुतळी बांधली.
टूथब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापली.
आम्ही पोरं हसलो होतो.

आता ती माझ्या खांद्यावर आहे
आणि आहे हे खांद्याला मुद्दाम आठवावं लागतं.

पहाटे चारला निघाले, पाण्याच्या दोन बाटल्या.
कान्यादा सेकाच्या कोरड्या पात्रातून वर,
वाळू बुटांचा आवाज गिळते तिथवर बरं,
पुढे सुटे दगड, ते काहीच गिळत नाहीत.
ज्युनिपरच्या बुंध्याशी लेंड्या.
चिमटीत दाबल्या : आत ओल.
या मुलखात ओल दिसली
की माणूस आपसूक गुडघ्यांवर येतो.

दुपारी वारा फिरला.
तीन माद्या आणि एक पिल्लू
माझ्या डोळ्यांदेखत कड्यापलीकडे उतरली,
घाई नाही, गडबड नाही,
पाद्र्याचं प्रवचन लांबलं की बायका उठतात तशी.

नर आला उन्हं कलताना. एकटा.
शिंगांना गवत अडकलेलं.

हलक्या बंदुकीचं असं आहे :
चढताना ती नसते,
आणि नेम धरताना तिच्यात सगळ्या तुम्हीच असता,
धाप, नाडी, सकाळची कॉफी.
दुर्बिणीतली फुली फऱ्यावरून पोटावर,
पोटावरून आभाळात.
मामाने हे कधी सांगितलं नाही.
की सांगितलं, आणि मी तेव्हा हसत होते?

खाली बसले. पाठ खडकाला, कोपरं गुडघ्यांवर.
श्वास सोडला
आणि पुढचा घेतला नाही.

दस्ता गालावर बसला, जीभ चावली गेली.
तो अकरा पावलं चालला.

मग चार खेपा. प्रत्येक अडीच मैल,
पाठीवर फरा, पाठीवर मांडी,
रक्त पाठीवरून कमरेत झिरपतंय,
आणि तिसऱ्या खेपेला
झाडाला टांगलेली बंदूक दिसली
तर तिचाही राग आला. साडेपाच पौंड!

घरी मामा जागा होता. तव्यावर काळीज, कांदा.
शिंगांबद्दल त्याने विचारलं नाही.
"हलली?"
"हलली."
"मग?"
"बसले."
त्याने मिठाची वाटी
माझ्याकडे सरकवली.