चार कोपरे

एकशेविसाव्या दिवशी रजा संपली.
रजेला कुठे ठाऊक असतं
दामियाँवचं पोट कितव्या दिवशी भरतं.

पहाटे पाचला सायकल होडीत चढवली.
होडीवाल्यानं विचारलं, "मुलगा की मुलगी?"
म्हटलं, "मुलगा."
"बापासारखा?"
म्हटलं, "अजून कुणासारखाच नाही,"
आणि खाडीभर त्याच्या कानाची पाळी आठवत राहिले.
उजवी. डावी काही केल्या आठवेना.
याचं इतकं वाईट वाटलं
की सांतोसच्या धक्क्यावर उतरल्यावर
सायकल होडीतच ठेवून चार पावलं पुढे गेले.

माझी केबिन बेचाळीस मीटरवर.
पायाखाली काच. काचेखाली जहाज.
चार महिन्यांत कुणीतरी खुर्ची मागे सरकवलीय,
कुणीतरी लांब पायांचं.
मी ती पुढे ओढली, तर पोट दांड्यांना अडलं.
त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही
की ते रिकामं झालंय.

काम असं:
लोखंडी चौकट पेटीवर उतरवायची.
चौकटीचे चार कोपरे पेटीच्या चार भोकांत बसायला हवेत.
तीन बसले तर दिवा लागत नाही.
पुन्हा उचलायची, पुन्हा अंदाज, पुन्हा खाली.

पहिले तीन आठवडे त्याचंही असंच.
ओठ लागायचे, पकड यायची नाही.
तो घामाघूम, मी रडवेली,
आणि सासूबाई, दोना झुल्मिरा, दारातून:
"माझ्या पोरांनी तर लगेच धरलं होतं."
मग एका रात्री अडीच वाजता
हनुवटी, खालचा ओठ, वरचा ओठ, जीभ
आणि टक्क.
अंधारात हिरवा दिवा लागलेला
मी एकटीनं पाहिला.

साडेअकराला
गोठवलेल्या कोंबड्यांची पेटी हवेत होती,
एकोणतीस टन,
आणि खाली कुठल्याशा ट्रकचा भोंगा
बारीक आवाजात, थांबत थांबत ओरडायला लागला.
ट्रकच तो. मला माहीत होतं.
अंगाला कोण सांगणार?
पान्हा फुटला.

दोन्ही हात दांड्यांवर. सोडायचे नाहीत असा नियम,
आणि नियम नसता तरी खाली माणसं होती.
शर्टावर दोन वर्तुळं,
पसरत पसरत कंपनीच्या नावापर्यंत गेली.
रेडिओवर वाल्देमिर: "जुसेलिया, का थांबलीस?"
म्हटलं, "वारा आहे."
जहाजावरचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता.
तो जरा वेळ गप्प. त्याला तीन मुलं.
मग म्हणाला,
"हो, दिसतोय. जाऊ दे त्याला. घाई नाही."

जेवणाच्या सुट्टीत
झाडू-बादल्यांच्या खोलीत उभ्यानं दूध काढलं.
पंपाचा आवाज म्हाताऱ्या कुत्र्यासारखा.
बाटली कँटीनच्या फ्रिजमध्ये, मार्जरीनच्या डब्यामागे.
वर चिठ्ठी लावली: जुसेलिया.
दारापर्यंत जाऊन परत आले,
आणि खाली लिहिलं: कॉफीसाठी नाही.

अंधार पडल्यावर घरी.
दोना झुल्मिरानं त्याला माझ्या हातात दिलं.
"बाटली घेतली. रडला नाही," म्हणाली,
आणि माझ्या तोंडाकडे बघून,
"म्हणजे, फारसा नाही."
तिच्या कांद्याचा वास होता त्याच्या टाळूला.
मी तो हुंगला, पुन्हा हुंगला,
खाली माझा वास अजून सापडतोय का, म्हणून.

पिऊन झोपला.
आता पाळण्यात उतरवायचा.
दिवसभरात एकशे अकरा पेट्या ठेवल्या.
एकीनंही हूं की चूं केलं नाही.
आणि हे सहा किलो चारशे ग्रॅम!
पाय टेकले. कंबर. पाठ टेकली.
डोकं बोटभर वर. वारा नाही.
श्वास धरून ठेवलाय.
खाली, अजून खाली, अजून एक केस

डोळे उघडले त्यानं.

बरं. उठलाच आहेस,
तर दिवा लावते.
जरा मान वळव, राजा,
तो डावा कान बघू दे.