भरी, खाली

सावद्याच्या मालधक्क्यावर पहिल्या दिवशी
निंबा फेगडेनं माझे हात पाहिले,
उलटे केले, सुलटे केले,
म्हणाला, हे काय कामाचे रे भो?
तबला वाजवतो, असं मी म्हणालो नाही.
म्हणालो, उचलतो.

घड उचलायचा म्हणजे उचलायचा नाही.
त्याला वाटलं पाहिजे
की अजून आपण झाडावरच आहोत.
चुकून कुठं टेकला, तर आज दिसत नाही,
दिल्लीत डबा उघडल्यावर दिसतं काळं.
डग्ग्यावर चार वर्षं काढून
हे मला कळलं नव्हतं:
चुकीचा हात तिथल्या तिथं वाजत नाही,
पुढच्या कुठल्यातरी आवर्तनात सडतो.

चीक मात्र निघत नाही.
रॉकेल, लिंबू, चुलीची राख, सगळं झालं.
भुसावळला इसाकभाईंकडे जाताना हात खिशात.
इसाकभाई पिंजारी. बापानं जन्मभर
दारोदार कापूस पिंजला,
यांनी त्या तातेच्या टणक्यावर सूर ओळखले.
म्हणाले, हात दाखव.
दाखवले.
म्हणाले, बरं. आता तिरकिट दाखव.

मग जळगावची डाळमिल, रात्रपाळी.
तिथली तुरीची चाळणी साडेसात मात्रांत चालायची,
शपथेवर सांगतो,
पट्टा ढिला होता म्हणून.
दोन महिने मी तिच्यासोबत मनात वाजवलं,
पोती शिवता शिवता, दाभण हातात.
मग मालकानं पट्टा बदलला.
दुसऱ्या रात्रीपासून ती सरळ केरव्यात आली
आणि मला झोप येऊ लागली.

सिमेंटच्या गोदामानं काहीच शिकवलं नाही.
हेही लिहून ठेवतो,
कारण लोक म्हणतात, प्रत्येक काम काही शिकवतं.
खोकला दिला. डाव्या अनामिकेचं टोक घेतलं,
थोडंसंच, पण तेच लागत होतं.

हिवाळ्यात चुडामण कोल्ह्याच्या मळ्यात
शंभर माणसांचं भरीत.
कपाशीच्या काट्यांवर भाजलेली वांगी
बडगीत घालून ठेचायची.
मी दुगुन घेतली. गरम गर मनगटावर.
कळण्याच्या भाकरी थापता थापता
द्वारकाबाई वर न बघता म्हणाली,
घाई कोणाले हाये? जेवणाऱ्यांले की तुले?
विलंबित एकतालाबद्दल
याहून जास्त मला अजूनही कोणी सांगितलेलं नाही.

चोपड्याला बैठक झाली. साथ बरी झाली.
रुमाल, टोपी, नारळ.
एसटीचं तिकीट माझं.
नारळाची आईनं चटणी केली,
तीन दिवस पुरली.

आता यावल रोडच्या वजनकाट्यावर बसतो.
भरी गाडी येते, आकडा लिहितो.
माल उतरवून खाली येते, आकडा लिहितो.
मधली वजाबाकी म्हणजे माल,
त्याचेच पैसे, त्याचीच भांडणं.
पोरं भरीकडे डोळे लावून असतात.
ड्रायव्हर खालीच्या वेळी
एक पाय काट्यावर ठेवून उभा राहतो,
कधी क्लीनरला आत निजवतो.
खाली चोख पकडली नाही
तर भरी कितीही खरी असो, हिशेब खोटा.

हे इसाकभाईंना सांगायला गेलो.
त्यांना आता ऐकू कमी येतं.
दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा
मांडीवर वाजवून दाखवलं,
खालीच्या जागी हात वरच धरून.

ते कितीतरी वेळ त्या वरच्या हाताकडे बघत होते.
मग म्हणाले,
चीक गेला नाही रे अजून.

नाही गेला, म्हटलं.
आणि सम आली.
उशिरा आली की वेळेवर,
ते त्यांना विचारायचं राहून गेलं.
सातची पॅसेंजर होती,
सकाळी आठला काटा उघडायचा होता.